काळ्याखालची रेघ

सरकारी कचेरीत पट्टेवाला म्हणजे साहेबाच्या दाराबाहेर स्टुलावर बसणारा शिपाई. या माणसाला मात्र सगळे पट्टेवाले म्हणत ते निराळ्या कारणानं. नगरपालिकेच्या रस्ते विभागात तो एकतीस वर्षं रस्त्यांवर पांढरे पट्टे मारत होता. “माझा पट्टा कमरेला नाही, जमिनीवर आहे,” असं तो नव्या माणसाला सांगायचा आणि समोरचा हसायच्या आत स्वतःच हसून घ्यायचा.

काम त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. कढईत पांढरी भुकटी वितळवायची, खडू फासलेली दोरी दोघांनी ताणून रस्त्यावर टिचकी मारायची, उमटलेल्या खुणेवरून गाडा ओढायचा आणि गरम थरावर काचेचे बारीक मणी भुरभुरायचे, म्हणजे दिव्यांच्या उजेडात पट्टा चमकतो. विभागातली जुनी माणसं म्हणत, याच्या डोळ्यातच ओळंबा आहे. कुणाच्या घरी गेला आणि भिंतीवरची तसबीर बोटभर कललेली दिसली, की चहा यायच्या आधी हा उठून ती सरळ करणार. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. “अहो, निदान ओळख तरी होऊ द्या आधी,” ती परतीच्या वाटेवर म्हणायची.

निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती, तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर वर्षभरासाठी सायकलींचा वेगळा पट्टा आखून बघायचा, असा ठराव नगरपालिकेत झाला. ठराव कसला, मोहोळावर मारलेला दगडच. रस्त्याच्या एका कडेला गाड्या लावायची सोय होती, ती गेली. दुकानांच्या काचांवर कागद चिकटले, “रस्ता आमचा, पट्टा कुणाचा?” त्याला उत्तर म्हणून समोरच्या इमारतींच्या गॅलऱ्यांतून चादरी लोंबल्या, “आधी मुलं, मग गाड्या.” एकाच जिन्यात राहणारी माणसं पावलांचा आवाज ओळखून दार लोटून घ्यायला लागली.

दुकानदारांच्या संघटनेचा म्होरक्या पट्टेवाल्याचा सख्खा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ. भर रस्त्यावर त्याचं चष्म्याचं दुकान. एका रविवारी जेवताना तो म्हणाला, “भाऊजी, तुमच्याच हातानं माझ्या पोटावर पाय येतोय.”

“हातानं पाय कसा देतात, दाखव बरं,” पट्टेवाला म्हणाला, आणि सगळे हसले. मेहुणाही हसला. तेव्हा अजून हसण्याइतपत जागा होती.

पट्टा आखायला चार पहाटा लागल्या. बसथांब्यापाशी जरा अवघड होतं. बस कडेला लागते, म्हणून तिथे सायकलींची वाट कडा सोडून रस्त्याच्या मध्याकडे न्यायची आणि थांबा ओलांडला की परत कडेला आणायची. ते वळण त्याला फार सुंदर साधलं. बाहेरच्या बाजूनं, मोटारी अंगावर येऊ नयेत म्हणून, वाकणारे नारिंगी खांब उभे केले. थर वाळत होता तेवढ्यात गणिताच्या बाई सायकल हातात धरून थांबल्या. शाळेत जाताना त्या रोज तिथून जात. या वस्तीतल्या निम्म्या लोकांना त्यांनीच भूमिती शिकवलेली, पट्टेवाल्याच्या मुलीलाही.

“हातानं काढलंत हे वळण?” त्यांनी विचारलं.

“दोरीनं, बाई. वळणाला दोरीचं एक टोक रोवून दुसरं फिरवतात.”

“म्हणजे कंपासच की! मी तीस वर्षं घसा फोडून सांगतेय, आणि पोरं म्हणतात याचा उपयोग काय.” त्यांनी ओल्या पट्ट्याला धक्का न लावता सायकल उचलून पलीकडे ठेवली, आणि गेल्या. त्या दिवशी पट्टेवाला घरी येऊन दोनदा ही गोष्ट बायकोला सांगून बसला.

अकरा महिने पट्टा राहिला. धंदा बुडाला म्हणणारे म्हणत राहिले, पोरं सुखानं शाळेत जातात म्हणणारेही म्हणत राहिले. मग निवडणूक झाली, माणसं बदलली, आणि एका मताच्या फरकानं पट्टा काढून टाकायचं ठरलं.

अभियंता साहेबांनी त्याला शुक्रवारी दुपारी बोलावलं. “सोमवारी सकाळी त्या रस्त्यावर पट्टा दिसता कामा नये. सभापतींनी दुकानदारांना शब्द दिलाय.”

“साहेब, तासून काढायचं यंत्र बाह्यवळण रस्त्याच्या कामावर आहे. तीन आठवडे तरी मोकळं होणार नाही.”

“मग काळं फासा.”

 काळं फासलं म्हणजे पट्टा जात नाही, झाकला जातो, हे पट्टेवाल्याला ठाऊक होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पुलाच्या उतारावर त्यानं हे पाहिलं होतं. रंगाखालचा थर तसाच उंच राहतो. डांबर खरखरीत असतं आणि काळा रंग गुळगुळीत. ऊन तिरपं पडलं की डांबर उजेड गिळतं आणि ती झाकलेली रेघ आरशासारखी पेटते. खऱ्या पट्ट्यापेक्षाही ठसठशीत दिसते. हे सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण साहेबांनी मान फाईलमध्ये घातली होती, निवृत्ती जवळ आली होती, आणि मेहुणा आधीच मिठाईचे डबे सांगून बसला होता. आपण कशाला वाकड्यात शिरा, असा विचार करून तो “बरं” म्हणाला.

रविवारी पहाटे खांब उपटले आणि त्यानं स्वतःच्या हातानं स्वतःचं काम काळं केलं. बसथांब्याच्या वळणापाशी रोलर फिरवताना मागून आवाज आला.

“पुसताय?” गणिताच्या बाई होत्या. रविवार होता, पिशवीत भाजी होती.

“वरून हुकूम आहे, बाई.”

बाईंनी पिशवी खाली ठेवली. “पुसायचं तर नीट पुसा हो. अर्धवट खोडलेलं उत्तर फार वाईट. मुलाला काय म्हणायचंय ते शेवटपर्यंत कळत नाही.”

“हो बाई,” तो म्हणाला, आणि रोलर फिरवत राहिला.

पाच महिने काहीच झालं नाही.

बाजाराचा रस्ता असा आहे, की वर्षातून दोनदा, जेमतेम पंधरा दिवस, मावळता सूर्य बरोबर त्याच्या तोंडाशी येऊन टेकतो. त्या दिशेनं जाणाऱ्याचे डोळे दिपतात. अशाच एका दिवशी, पावणेसहाला, बाई जादा तास घेऊन घरी निघाल्या होत्या. बसथांब्याजवळ त्यांनी कड सोडली आणि त्या सरळ रस्त्याच्या मध्यात आल्या. मागून टेम्पो येत होता. चालकाच्याही डोळ्यांत ऊन होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पोलिसांच्या पंचनाम्यात एक वाक्य होतं, आणि ते दोन दिवसांत साऱ्या रस्त्याला पाठ झालं. “सायकलस्वार महिला कोणतेही सबळ कारण नसताना अचानक रस्त्याच्या मध्यभागी आली.”

मग दोन्ही बाजूंनी त्या वाक्याचे लचके तोडले. सायकलवाले म्हणाले, पट्टा असता तर बाई वाचल्या असत्या, हे नगरपालिकेनं केलेलं मरण आहे. दुकानदार म्हणाले, पट्ट्याचा काय संबंध, अठ्ठावन्नाव्या वर्षी रक्तदाब असलेल्या बाईनं सायकल चालवावीच कशाला, चक्कर आली असणार. मोबाइलवरच्या गटात यावर इतकं लिहिलं गेलं, की पट्टेवाल्याच्या मुलीनं तो गट सोडला. “बाबा, हे लोक बाईंच्या शोकसभेला रडले होते,” ती म्हणाली. “आता त्याच तोंडानं म्हातारी म्हणतात.”

 पट्टेवाला बाई गेल्या त्या दिवसापासून जेवायला बसायचा आणि ताटाकडे बघत राहायचा. बाई रेघ सोडणाऱ्यांतल्या नव्हत्या. तीस वर्षं जिनं मुलांना पट्टी धरायला शिकवली, ती कारण नसताना वळते?

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो बसथांब्याशी जाऊन उभा राहिला. आभाळ भरलेलं होतं, रस्ता नुसता काळा. त्याला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. तिसऱ्या दिवशी ऊन होतं. साडेपाचला काही नव्हतं. पावणेसहाला इमारतींच्या मधून किरणं जमिनीसपाट आली, दुकानं, माणसं, गाड्या सगळं त्या झगझगाटात विरघळून गेलं, आणि त्याच्या पायाजवळून एक रेघ उठली. रुपेरी. कडेनं सरळ जात, थांब्यापाशी डौलानं मध्याकडे वळणारी, कुठंही न थरथरलेली. त्याचीच. सबंध रस्त्यावर दिसत होती ती फक्त तेवढीच. त्याला वाटलं, आता आपणही चालायला लागलो तर हिच्यावरूनच चालू.

आठ मिनिटांनी ती गेली. तो फुटपाथवर मटकन बसला. मेहुण्यानं दुकानातून पाहिलं आणि पाणी घेऊन धावत आला. “भाऊजी, काय झालं?”

“ऊन लागलं,” तो म्हणाला.

पुढचे दोन दिवसही तो गेला. मोबाइलनं फोटो काढला, पण फोटोत नुसता पांढरा डाग आला. घरात अंथरुणावर डोळे मिटले की त्याला ती रेघ दिसे, आणि तिच्यावरून पाठमोरी लांब जाणारी एक सायकल. वळणाशी आली की तो डोळे उघडायचा. शेवटी एका सकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

तिनं हातातली चादर अर्धीच घडी करून ठेवली. “तुम्हाला नक्की माहीत आहे? बाईंनी ती रेघ पाहिली म्हणून?”

“नक्की कसं माहीत असणार? त्यांना विचारता येईल का आता?”

“मग सांगून काय बाई परत येणार आहेत?” ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, “आणि माझ्या भावाचं काय? लोक त्याच्या दारावर दगड मारतील.”

“त्यानं पट्टा काढ म्हटलं. काळं मी फासलं.”

ती उठून आत गेली. आतून तिचा आवाज आला, “सांगायचंच असेल तर आजच सांगा. रोज थोडे थोडे मरू नका माझ्यासमोर.”

नगरपालिकेच्या सभागृहात त्या संध्याकाळी नागरिकांची सुनावणी होती. पट्टा पुन्हा आखावा की नाही, यावर. खुर्च्या मधून दुभंगलेल्या, इकडे दुकानदार, तिकडे सायकलवाले. पहिल्या रांगेत बाईंचे यजमान बसले होते. टपालखात्यातून निवृत्त झालेले, किरकोळ अंगाचे गृहस्थ. त्यांच्या दोन्ही बाजूंची एकेक खुर्ची रिकामी होती. दोन्हीकडचे लोक त्यांचं नाव घेऊन बोलत होते, त्यांच्याशी कुणी बोलत नव्हतं.

पट्टेवाल्यानं हात वर केला. सभापती त्याला ओळखत होते. “आपण कर्मचारी म्हणून बोलताय की रहिवासी म्हणून?”

“ज्यानं काळं फासलं तो म्हणून.”

त्यानं सांगितलं. सांगताना तो अडखळला, डांबर आणि उन्हाचं त्याला धड समजावता येईना, तेव्हा त्यानं टेबलावरची काचेची तबकडी दिव्याखाली तिरपी धरून ती कशी चमकते ते दाखवलं. अभियंता साहेब उठून म्हणाले, काम नियमाप्रमाणे झालं आहे आणि कर्मचाऱ्यानं असा कोणताही धोका त्यांच्या निदर्शनास आणला नव्हता.

“खरं आहे,” पट्टेवाला म्हणाला. “नाही आणला. तोंड होतं, उघडलं नाही.”

मग जो गलका झाला त्यात पुढचं कुणाला ऐकू आलं नाही. सायकलवाले टाळ्या वाजवत होते, आणि त्याला त्या टाळ्या थपडांसारख्या लागत होत्या. बाहेर पडताना मेहुण्यानं त्याची बाही धरली. “आता सगळे म्हणणार, चष्मेवाल्यानं बाईंना मारलं. घरचाच माणूस उठला. दुसऱ्याला कशाला बोल लावू?”

“मी तुझं नाव घेतलं नाही रे.”

“घ्यायची गरज होती का?” मेहुणा म्हणाला, आणि निघून गेला.

चौकशी समिती नेमली गेली. समिती चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता फायली घेऊन आली. ऊन डोक्यावर होतं. चौघांनी थांब्याशी उभं राहून खाली बघितलं, एकानं बुटाच्या टाचेनं रंग खरवडला, आणि “घटनास्थळी कोणतीही रेषा दृष्टीस पडत नाही” असं लिहून ते गेले. पट्टेवाला त्यांच्या मागं मागं जात म्हणत होता, “साहेब, पावणेसहाला या. आता चारच दिवस राहिलेत. मग सूर्य सरकतो.” एका साहेबानं घड्याळाकडे बघितलं. “कचेरी साडेपाचला सुटते हो.”

त्या संध्याकाळी तो पुन्हा तिथे उभा होता. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सव्वापाचला बाईंचे यजमान आले. शेजारी उभे राहिले. अर्धा तास दोघं तसेच. बस आली, गेली.

मग ऊन खाली उतरलं आणि रेघ उठली.

यजमानांनी कपाळावर आडवा हात धरला. रेघेच्या बाजूबाजूनं ते पाच-सहा पावलं चालले, वळणापाशी थांबले, आणि जिथून पुढं वाहनं धावत होती तिकडे बघत राहिले. पट्टेवाल्यानं पुढं होऊन त्यांचा दंड धरला. ऊन गेल्यावरच ते मागं फिरले.

“म्हणजे तिला चक्कर आली नव्हती,” ते म्हणाले.

“मला तसं वाटत नाही.”

“त्या दिवशीची गोळी डबीत तशीच होती. रक्तदाबाची.” त्यांचा आवाज अगदी साधा होता, टपालाच्या खिडकीतून बोलावं तसा. “मी त्या दिवसापासून तिला रागावतोय. एक गोळी घ्यायला काय होत होतं, म्हणून. रोज सकाळी उठून रागावतो.”

पट्टेवाल्याचा हात अजून त्यांच्या दंडावर होता.

“तुम्हाला माहीत होतं? फासताना?” यजमानांनी विचारलं.

“होतं,” तो म्हणाला. “म्हणजे, असं होईल हे नव्हतं. पण रेघ वर येते हे माहीत होतं.”

यजमानांनी त्याचा हात आपल्या दंडावरून हळूच, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा, काढून ठेवला. आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते सभापतींना घेऊन आले. कसं आणलं कुणास ठाऊक. म्हणतात, सकाळपासून त्यांच्या दारात नुसते बसून राहिले होते. सभापतींनी पाहिलं. सोबतच्या माणसाला विचारलं, “तुलाही दिसतंय ना?” आणि मग स्वतः वाकून काळ्या रंगावरून बोट फिरवलं. त्यांनीच तर सोमवारचा शब्द दिला होता.

आठवड्याच्या आत तासायचं यंत्र आलं. ते काम पट्टेवाल्यानं मागून घेतलं. दात लावलेलं चाक रस्त्यावर टेकलं की अंगातली हाडं खुळखुळायची, आणि काळ्याखालून पांढरी पूड उडून त्याच्या भुवयांवर बसायची. वळण शेवटी तासलं. संपल्यावर गुडघे टेकून त्यानं तळहातानं सगळी लांबी चाचपून पाहिली. बरोबरची माणसं नजर चुकवत रस्ता अडवायला मांडलेले शंकू गोळा करत राहिली.

पंचनाम्यातलं ते वाक्य बदललं गेलं. यजमानांनी त्यासाठी सात खेपा घातल्या. अभियंता साहेबांची बदली झाली. पट्टेवाल्याला ताकीद मिळाली आणि उरलेली नोकरी भांडारात, पाट्या आणि शंकू मोजत गेली. पट्टा पुन्हा आखायचा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला, आणि पुढच्या सभेत त्याच्या पुढच्या. अजून तहकूबच आहे. चादरी फाटून गेल्या, दुकानांवरचे कागद पिवळे पडले. मेहुणा बहिणीला भेटतो, पण तिनं त्याच्या दुकानात जायचं. तो त्यांच्या घरी येत नाही.

यजमान आणि पट्टेवाला पुन्हा कधी एकमेकांशी बोलले नाहीत. समोरासमोर आले तर दोघंही पावलं आवरतात, आणि मग चालायला लागतात. एवढं मात्र कानावर आलं, की कुणी बाईंना चक्कर आली म्हटलं, तर यजमान भर रस्त्यात थांबून त्याला दुरुस्त करतात.

निवृत्तीनंतर पट्टेवाला संध्याकाळी दुसऱ्या दुसऱ्या रस्त्यांवरून फिरतो. कुठं काळ्याखालून काही उठतंय का, बघत. सापडलं की पालिकेत अर्ज देतो. आवक खिडकीवरचा कारकून त्याला लांबून पाहूनच शिक्का उचलतो. आतापर्यंत नऊ रेघा तासून घेतल्यात त्यानं.

परवा संध्याकाळी मात्र तो बाहेर पडला नाही. पाय दुखत होता. खिडकीतून तिरपं ऊन आलं आणि खोलीच्या फरशीवर, दारापासून त्याच्या खुर्चीपर्यंत, एक चमकती पट्टी पडली. तो पाय वर घेऊन बसला. बायको आली, तिनं फरशीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“ऊन आहे हो ते. पडदा ओढू?”

“नको,” तो म्हणाला. “जाते का बघू दे.”

ती खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसली, आणि ऊन जाईपर्यंत दोघंही फरशीकडे बघत राहिली.